एमडीच्या कारखान्याला केमिकल जातं कुठून, आणि दुकानदारानं काय सांभाळायचं

वाळूजला नुकतंच केमिकल ट्रेडिंग चालू केलेल्या एका पोरानं विचारलंय, "काका, पैठण आणि चाकूरच्या बातम्या वाचल्यापासून धंद्याची भीतीच बसलीय. ड्रग्ज बनवायला लागणाऱ्या केमिकलवर सरकार सरळ बंदी कामून घालत नाही? आणि आपण लायसन्स काढलं की सुटलो का?" दोन्ही प्रश्न शेवटी एकाच जागी येतात म्हणून एकत्रच उत्तर देतो. याच धंद्यात केस पांढरे झाले, आधी विकायचो, आता छोट्या युनिटवाल्यांचे कागद सांभाळतो, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑक्टोबर २०२३ मध्ये डीआरआय (तस्करी पकडणारं केंद्राचं महसुली गुप्तचर खातं) आणि अहमदाबाद क्राइम ब्रांचनं छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत धाडी टाकल्या, मेफेड्रोन (यालाच एमडी म्हणतात), केटामाइन, कोकेन असा माल निघाला. मग एप्रिल २०२५ ला लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या रोहिण्याच्या शिवारात डीआरआयला एमडीचा कारखानाच सापडला, ११ किलोच्या वर माल. लोक म्हणले आमच्या मराठवाड्यात असलं कुठून आलं. अहो, केमिकल इथं आधीपासून आहे, रिकामे शेड आहेत, केमिस्ट्री शिकून बसलेली पोरं आहेत, आणि मुंबई, हैदराबाद एका रात्रीच्या गाडीवर. यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

आता बंदीचं. ॲसेटिक ॲनहायड्राइड घ्या. दिसायला पाणी, वास शिरक्यासारखा पण असा की झाकण उघडलं की डोळ्यातून पाणी. अफूतल्या मॉर्फिनपासून हेरॉइन करायला हेच लागतं म्हणून जगभर याच्यावर डोळा. पण तेच ॲनहायड्राइड ॲस्पिरिनला लागतं, पॅरासिटामॉलला लागतं, रंगाच्या कारखान्यात लागतं, सिगारेटच्या फिल्टरचा धागा ज्याचा करतात त्या सेल्युलोज ॲसिटेटला तर टँकरनं लागतं. आणि ते बनवायचा एक रस्ता अल्कोहोलपासून निघतो, म्हणजे आपल्या साखर कारखान्याच्या मळीशी त्याचं नातं. बंदी घालून हेरॉइनवाल्याचं दोन पैशाचं नुकसान होईल, औषध कंपनीचं शटर पडेल.

किंवा पोटॅशियम परमँगनेट. जांभळे खडे, विहिरीत टाकायला, जनावराच्या खुराला, जखम धुवायला, म्हाताऱ्या माणसांना विचारा घरोघरी पुडी असायची. दक्षिण अमेरिकेत कोकेन साफ करायला हेच वापरतात, इतकं की १९९९ मध्ये फक्त याच्या मागावर ऑपरेशन पर्पल नावाची आंतरराष्ट्रीय मोहीम चालवली. म्हणून निर्यात करायची तर ग्वाल्हेरच्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सची एनओसी लागते, पण मोंढ्यातल्या दुकानात शेतकऱ्याला पाव किलो देताना कोणी अडवत नाही, आणि अडवूही नये. एकच खडा, देशाबाहेर चालला की वेगळा नियम, गावात विकला की वेगळा. ही वेडगळ गोष्ट नाही, धोका जिथं आहे तिथं नियम लावलाय.

तर बंदी नाही, नियंत्रण. १९८८ मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, त्याच्या कलम १२ नं ही सगळी व्यवस्था उभी केली, दोन टेबल आहेत, पहिल्यात एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड, परमँगनेट, पी-टू-पी (मेथ नावाच्या ड्रगचा कच्चा माल), सॅफ्रोल अशी जी थेट ड्रगमध्ये जातात किंवा ज्याच्यावाचून अडतं ती, दुसऱ्यात ॲसिटोन, टोल्युईन, इथर, एमईके, सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक अशी रोजची. एक देश दुसऱ्याला माल पाठवायच्या आधी कळवतो, त्यासाठी २००६ पासून पेन ऑनलाइन नावाची सिस्टीम चालते, समोरचा देश म्हणला की ही कंपनी आमच्याकडं अस्तित्वातच नाही तर माल बंदरातच थांबतो. हे काम चांगलं झालंय, मी मान्य करतो. मोठे निर्यातदार आता सहसा वेडेवाकडे करत नाहीत.

आपल्याकडं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ९अ आहे, त्याखाली आधी १९९३ चा आणि आता २०१३ चा आदेश. धंदेवाल्याला लागतं ते सगळं या २०१३ च्या आदेशात. त्याच्या अनुसूची 'अ' मध्ये मोजकीच नावं, ॲसेटिक ॲनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, अँथ्रानिलिक ॲसिड आणि त्याचं एन-ॲसिटाइल भावंड, नंतर फेंटॅनिलच्या रस्त्यातली दोन घातली. यातलं काहीही बनवायचं, विकायचं, साठवायचं, वापरायचं तर एनसीबीच्या (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) झोनल डायरेक्टरकडून नोंदणी घ्यायची, एक नंबर मिळतो, धंद्यात त्याला यूआरएन म्हणतात. यूआरएन नसलेल्याला विकायचं नाही. खरेदीदाराचं डिक्लरेशन घ्यायचं, मालाबरोबर कन्साइनमेंट नोट पाठवायची, रोजचा हिशोब लिहायचा, दर तिमाहीला रिटर्न, चोरी किंवा गळती झाली तर लगेच कळवायचं. मोडलं तर कलम २५अ, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, कोर्टाला वाटलं तर कारण लिहून दंड वाढवताही येतो.

इथं एक बारीक गोष्ट सांगतो, कारण छोट्या युनिटमध्ये निम्मा गोंधळ इथंच होतो. ॲनहायड्राइड पाण्यापेक्षा जड. एक लिटर म्हणजे साधारण १.०८ किलो. म्हणजे २०० लिटरचा ड्रम भरला की २१६ किलो. आता खरेदीचं बिल किलोत आलंय, स्टोअरवाला पोरगा ड्रम मोजून लिटरमध्ये इश्यू करायलाय, प्रॉडक्शनवाला बॅच कार्डावर पुन्हा किलो लिहितोय, आणि तिमाहीला अकाउंटंट हे सगळं बेरीज करून रिटर्न भरतो. दहा ड्रमला १६० किलोचा फरक! माल एक थेंब कुठं गेलेला नसतो पण तपासणीवाल्याला काय दिसतं, १६० किलो ॲनहायड्राइडचा पत्ता नाही. पुढं सहा महिने खुलासे देत बसा. एकच युनिट ठरवायचं, किलो म्हणजे किलो, आणि वजनकाट्याची चिठ्ठी रजिस्टरलाच टाचून ठेवायची. आणि "घट" म्हणून जो रकाना असतो ना, तो आपल्याकडं लोक आडत दुकानासारखा वापरतात, जमेना ते घटीत टाक. इथं नको. घट दर महिन्याला सारखीच गोल आकड्यात आली की तपासणारा हसतो आणि पेन काढतो.

बरं, हे सगळं केलं की सुटलो का? नाही. २०१६ चं सोलापूरचं आठवतं का, चिंचोळी एमआयडीसीत ठाणे पोलिसांनी टनानं एफेड्रिन पकडलं होतं. एफेड्रिन यादीत होतंच, वस्तू लपवून आणलेली नव्हती, औषध कंपनीच्याच आवारात होती, तरी ती तिथून बाहेर काढायचा घाट चालला होता असा आरोप झाला. कोर्टाचं जे व्हायचं ते होवो, मला सांगायचंय ते एवढंच की नोंदणीचा कागद मालाला पहिल्या दारापर्यंत सोबत करतो. त्याच्या पुढच्या दारात काय होतं ते कागदाला दिसत नाही.

दुसरं म्हणजे यादी नेहमी मागं असते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मुंबईत पोरं खुलेआम घेत होती तेव्हा ते एनडीपीएसमध्ये नव्हतंच, फेब्रुवारी २०१५ मध्ये घातलं, तोवर पोलिसांना पकडून करायचं काय हाच प्रश्न. केमिकलचंही तेच. एफेड्रिन आवळलं की बनवणारे पी-टू-पीकडं वळतात, पी-टू-पी आवळलं की त्याच्या एक पायरी मागचं एपान वापरतात, ते २०१४ मध्ये टेबलात घातलं तर आणखी तिसरंच काही निघतं. बांध एका जागी घातला की पाणी दुसरीकडून फुटतं, शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. म्हणून "हे यादीत नाही, म्हणजे कुणालाही विकायला मोकळं" असं जे आपले लोक म्हणतात ते एकदम धोक्याचं आहे. यादीत नसलेलं सॉल्व्हंट (दुसरे पदार्थ विरघळवायचं द्रव केमिकल) तू एखाद्याला विकलंस आणि तो त्याचं काय करतो हे तुला माहीत होतं असं निघालं, तर तुला २५अ लागणार नाही, कलम २९ लागेल, मदत आणि कट. त्याला शिक्षा मूळ गुन्ह्याचीच. आणि मूळ गुन्हा एमडीचा असेल तर ५० ग्रॅमला व्यावसायिक मात्रा होते, १० ते २० वर्षं, जामिनाला कलम ३७ आडवं. ५० ग्रॅम म्हणजे किती, मुठीत मावतं.

मग ओळखायचं कसं. अनुसूचीपेक्षा माणूस वाचायला शिका. खरा खरेदीदार फार कटकट्या असतो. तो आधी सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला मागतो, ओलावा किती, बॅच कोणती, मागच्या ड्रमला गंज होता हो, या वेळेस एचडीपीईचे (प्लास्टिकचे) द्या, भाव दोन रुपये कमी करा, आणि शेवटी साठ दिवसांची उधारी. मराठवाड्यात उधारी न मागणारा गिऱ्हाईक मला तरी संशयास्पदच वाटतो, हसू नका, खरं सांगतोय. जो येऊन भाव विचारत नाही, ग्रेड विचारली तर "कोणतीही चालेल" म्हणतो, रोख काढून ठेवतो, बिल दुसऱ्याच्याच नावावर करा म्हणतो, किंवा बिल राहू द्या म्हणतो, तो काय बनवतोय हे तुला कळायची गरज नाही, तो जे सांगतोय ते बनवत नाहीये एवढं कळलं तरी पुरे.

एक उदाहरण सांगतो, माझ्या ओळखीच्या दुकानातलं. माणूस आला, म्हणला फिनाइल आणि हँडवॉशचं युनिट टाकलंय, आणि यादी दिली. त्या यादीत फिनाइलला लागणारं एकही केमिकल नव्हतं! ना पाइन ऑइल, ना इमल्सिफायर, ना साधा सुगंध. नुसते सॉल्व्हंट, तेही चांगल्या ग्रेडचे, आणि काचेची भांडी, व्हॅक्यूम पंप मिळेल का. दुकानदार जुना, तो म्हणला, मालक, युनिट बघायला येतो, डिलिव्हरी माझ्याच टेम्पोनं देतो. तर हा म्हणतो नको, मी बीड बायपासला गाडी लावतो, तिथं माल बदलून घेऊ. झालं. माल दिला नाही, नंबर लिहून ठेवला आणि कळवलं. पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, कळवत नसतात. पण तीन गोष्टी बघा, धंदा आणि यादी जुळत नाही, पत्ता सांगायचा नाही, माल रस्त्यात बदलायचा. तिन्ही कुठल्याच अनुसूचीत लिहिलेल्या नाहीत.

आता माझं मत, पटलं तर घ्या. आपल्या व्यवस्थेचं लक्ष पहिल्या विक्रीवर आहे, उत्पादक ते मोठा ट्रेडर, आणि ती बाजू बरीच घट्ट झालीय. गळती दुसऱ्या-तिसऱ्या हातात होते. मोठ्या ट्रेडरनं लहान ट्रेडरला, त्यानं कमिशनवाल्याला, त्यानं ड्रम फोडून कॅनमध्ये, लेबल नाही, बॅच नाही. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या आतल्या मालाला आपल्याकडं ई-वे बिल लागत नाही, त्यामुळं छोटा माल तसाही कुणाच्या स्क्रीनवर दिसत नाही. आणि जी माहिती आहे ती वाटून पडलीय, जीएसटीवाल्याला दिसतं की एक फर्म महिनोन्महिने सॉल्व्हंट घ्यायलीय पण विक्री शून्य, प्रदूषण मंडळाला माहीत असतं की या प्लॉटचा कन्सेंट, म्हणजे मंडळाची परवानगी, कधीच संपलाय, महावितरणला दिसतं की बंद युनिटचं मीटर रात्री पळतंय, एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) माहीत असतं कोणाचं औषधाचं लायसन्स रद्द झालंय. चारही टेबलांवरचे कागद एका माणसासमोर आले तर धाड टाकायच्या आधीच अर्धी केस तयार. नवीन फॉर्म काढायच्या आधी हे करा असं मी प्रत्येक मीटिंगला बोलतो, साहेब लोक मान हलवतात, चहा येतो.

उलट जो छळ होतो तो प्रामाणिक माणसाचा. शाळा-कॉलेजच्या लॅबला माल देणारा, दोन बाटल्या ॲसिड विकणारा, तो कागदात बुडतो. ॲसिडचं तर वेगळंच आहे, ॲसिड हल्ल्यांच्या लक्ष्मी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जुलै २०१३ ला सांगितलं की काउंटरवर ॲसिड विकायचं तर रजिस्टर ठेवा, ओळखपत्र बघा, १८ च्या आतल्याला देऊ नका, साठा पंधरा दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याला कळवा, नाहीतर ५० हजारापर्यंत दंड. त्याचा ड्रग्जशी संबंध नाही पण ते रजिस्टर ठेवायची सवय लागली की बाकीचंही अंगवळणी पडतं, म्हणून मी नव्या पोरांना आधी तेच लावायला सांगतो. ज्वलनशील सॉल्व्हंटच्या साठ्याचं पेसोचं (स्फोटक-ज्वलनशील मालावर देखरेख करणारं केंद्राचं खातं) लायसन्स तेही वेगळं, ते विसरू नको.

मेडिकलवाल्यांचेही फोन येतात म्हणून मधेच सांगतो, तुमचा भाग वेगळा. संभाजीनगरात ज्याला पोरं "बटन" म्हणतात त्या नायट्राझेपाम, अल्प्राझोलामच्या गोळ्या म्हणजे तयार औषध, कच्चा माल नाही. तिथं शेड्यूल एच-वन, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी, चिठ्ठी बघायची, डॉक्टर-पेशंटचं नाव रजिस्टरला, तीन वर्षं जपायचं. आणि देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांनी एक ध्यानात ठेवा, पलीकडं तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलामची पावडर मिसळायचा धंदा जुना आहे, ती पावडर कुठंतरी शेडमध्येच बनते. सीमेवर किलोत अल्प्राझोलाम विचारणारा कुणी भेटला तर तो झोपेच्या तक्रारीसाठी विचारत नाहीये.

आता शेडवाल्यांसाठी, कारण चाकूरच्या बातमीनंतर शेतकरी माणसंच जास्त घाबरलीत. आखाड्यावरची खोली, बंद पडलेलं पोल्ट्री शेड, एमआयडीसीतला आजारी प्लॉट भाड्यानं द्यायचा तर कलम २५ वाचून घ्या. जागेच्या मालकानं किंवा ताबा असलेल्यानं जाणूनबुजून जागा वापरू दिली तर शिक्षा त्याच गुन्ह्याची. "जाणूनबुजून" हा शब्द कायद्यात आहे हे खरं, पण बाजारभावाच्या तिप्पट भाडं, तेही रोख, वर्षाचं आगाऊ, करारनामा नको, मालकानं इकडं फिरकायचं नाही अशी अट, सालगड्याला सुट्टी, आणि रात्री उग्र वास, हे सगळं पाहून "मला काय माहीत" म्हणणाऱ्याचं कोर्टात कोण ऐकेल? नोटरी करार करा, आधारची नुसती झेरॉक्स घेऊ नका, मूळ कार्डही बघा, करारात लिहा की मालक महिन्यातून कधीही जागा बघेल. आणि खरंच बघा. वासाचं म्हणाल तर झाडं वाळायला लागली, ओढ्यात फेस आला, कुत्रं तिकडं जाईना झालं, अशा गोष्टी गावात सगळ्यात आधी गुराख्याला कळतात, त्याला विचारा.

संशय आला तर हिरोगिरी नको. गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही, "पोलिसाला सांगीन" म्हणायचं नाही, माल संपलाय म्हणून वाटेला लावायचं. गाडी नंबर, फोन, दिलेली यादी त्याच्याच अक्षरात असेल तर तो कागद, एवढं जपायचं आणि कळवायचं. २०२४ पासून एनसीबीची १९३३ ही मानस हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं. लोकल स्टेशनला ओळखीचा पीआय असेल तर तिथं सांगा, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मागं एकानं टाकलं तर धाडीच्या आधी शेड रिकामं.

आणि पोरा, तुझ्यापुरतं. तू सध्या अनुसूची 'अ' मधलं काही विकत नाहीस म्हणालास, तर यूआरएनची घाई करू नको, उगाच घेतला की शून्याचे रिटर्नही वेळेवर भरावे लागतील आणि तू ते भरणार नाहीस, तुझं जीएसटी तू कधी भरतोस मला ठाऊक आहे. पहिली ॲनहायड्राइडची ऑर्डर हातात आली की मुंबई झोनकडं अर्ज कर, नंबर मिळेपर्यंत एक कॅनही आणून ठेवू नको, ओळखीच्यानं "माझ्या नंबरवर घेऊ" म्हणलं तरी नको. तोवर रजिस्टर घे, बांधलेलं, पानांवर नंबर टाकलेलं, सुटी पानं नकोत, आणि प्रत्येक सॉल्व्हंटच्या ड्रमचा बॅच नंबर कुणाला गेला ते आजपासून लिहायला लाग. डिक्लरेशनचा फॉर्म गिऱ्हाइकाला घरी नेऊ देऊ नको, समोर बसवून भरून घे.